रात्री जागं कोण राहणार?

ट्रॅकिओस्टॉमीची, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासासाठी थेट श्वासनलिकेत बसवलेली नळी असलेलं किंवा रात्री व्हेंटिलेटर लागणारं मूल घरी पाठवायचं का, हा विषय आपल्याकडे निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "आई-वडील आहेत ना, मग नर्स कशाला?" हे पहिलं. दुसरं, "असले लाड श्रीमंत देशांना परवडतात." मी महाराष्ट्रात शिकलेली नर्स. आता इंग्लंडमध्ये अशाच मुलांच्या घरी रात्रपाळी करते. मला ही दोन्ही वाक्यं चुकीची वाटतात. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसलं, तरी पहिलं वाक्य त्या आईवर फार मोठा अन्याय करतं.

आधी ती रात्र कशी असते ते सांगते, कारण वाद घालणाऱ्या बहुतेकांनी ती पाहिलेली नसते. नळीत कफ अडकला तर काही मिनिटांत श्वास बंद पडू शकतो. हवा स्वरयंत्रापर्यंत पोचतच नसल्यामुळे यातली अनेक मुलं रडली तरी आवाज येत नाही. म्हणजे शेजारी झोपलेल्या आईला रडण्यानं जाग येईल, हा भरवसाच नाही. सक्शनची, म्हणजे कफ ओढून काढायची बारीक नळी किती आत घालायची याचं माप आधीच ठरलेलं असतं, त्यापुढे गेलं तर आतल्या अस्तराला इजा होते. उशाशी कायम एक पेटी असते. तिच्यात त्याच मापाची जादा नळी, एक माप लहान असलेली दुसरी, कात्री आणि बांधायच्या फिती असतात. नळी निसटली तर शोधाशोध करायला वेळ नसतो. व्हेंटिलेटरच्या नळ्यांत पाणी साचतं, ते मुलाच्या बाजूला जाऊ न देता काढायचं. पोटातल्या नळीतून पंपानं आहार चालू असेल तर डोकं उंच ठेवायचं. कूस बदलत राहायची. फिट आली तर घड्याळाकडे बघायचं, आणि 5 मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध गालात सोडायचं. यातलं काहीही अर्धवट झोपेत करण्यासारखं नाही.

हे सगळं करून मी सकाळी घरी जाते आणि झोपते. आईचा मात्र तेव्हा दिवस सुरू होतो. एखाद्या नर्सला कुणी महिनाभर सलग दिवस-रात्र कामावर ठेवलं, तर रुग्णाच्या जिवाशी खेळ चाललाय अशी तक्रार होईल, आणि ती रास्तच असेल. थकलेल्या माणसाच्या हातून सिरिंजमधलं औषध कमी-जास्त होतं, अलार्म ऐकू येत नाही. माया कितीही असली तरी शरीराला झोप लागतेच. म्हणून मला ठामपणे वाटतं की रात्रीची मदत ही आई-वडिलांना दिलेली सुट्टी नव्हे. तो मुलाच्या उपचाराचाच भाग आहे.

इंग्लंडला हे पहिल्यापासून उमगलेलं होतं असं नाही. 2005 साली लंडनच्या हॅरिंगे भागातल्या एका लहान मुलीचा खटला उच्च न्यायालयात गेला. तिला ट्रॅकिओस्टॉमी होती, आई थकून गेली होती आणि मदतीचे तास वाढवून मागत होती. हे काम कुणाचं, समाजकल्याण खात्याचं की आरोग्य सेवेचं, असा प्रश्न होता. अशी प्रशिक्षित देखभाल ही आरोग्य सेवेची जबाबदारी आहे, असं न्यायालयानं म्हटलं. पुढे 2011 च्या नियमांनी स्थानिक प्रशासनाला अपंग मुलांसाठी रात्रीच्या देखभालीचीही सोय करायला सांगितलं. आता आरोग्य सेवेची नर्स घरी येऊन श्वास, आहार, फिट्स, औषधं, त्वचा अशा दहा बाबींवर मुलाची गरज तपासते आणि त्यावरून मदतीचा निर्णय होतो.

हा निर्णय नेहमी न्यायाचा असतो, असं मी म्हणणार नाही. सारख्याच गरजेच्या दोन मुलांना, पत्ता वेगळा म्हणून, मदतीच्या कमी-जास्त रात्री मिळतात. वर्षभर नीट काळजी घेतल्यामुळे मूल एकदाही इस्पितळात गेलं नाही, तर पुढच्या तपासणीत "आता गरज कमी झाली" असं म्हणून तास कापलेले मी पाहिले आहेत. संध्याकाळी फोन येतो की आज नर्स मिळत नाही, आणि ती रात्र पुन्हा आईच्याच वाट्याला येते. पण इथली आई भांडते तेव्हा तिच्या हातात कागद असतो. त्यावर लिहिलेलं असतं की या मुलाजवळ रात्री जागा माणूस हवा. आपल्याकडच्या आईकडे तो कागदच नाही.

आपल्याकडची चर्चा औषधांच्या किमतीशी येऊन थांबते. 2021 मध्ये एसएमए हा स्नायू दुबळे करणारा दुर्मिळ आनुवंशिक आजार झालेल्या बाळांच्या 16 कोटींच्या इंजेक्शनसाठी महाराष्ट्रातल्या अनोळखी लोकांनी पैसे गोळा केले. त्या माणुसकीबद्दल मला आदरच आहे. त्याच वर्षी दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं आणि पुढे मदतीची मर्यादा 50 लाखांवर गेली. पण ज्या मुलांना रात्री श्वासाचं यंत्र लागतं, त्यांच्या घरी ते कोण सांभाळतं हा प्रश्न त्या गदारोळात ऐकू आला नाही. आयुष्मान भारत इस्पितळातला खर्च देते आणि घरी गेल्यावरचे 15 दिवस. ज्यांना परवडतं ते ब्युरोकडून मावशी बोलावतात. ती बिचारी मनापासून काम करते, पण तिला सक्शन कुणी शिकवलेलंच नसतं.

कायदा मात्र आपल्याकडे आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींची वेगळी तपासणी करून मदत ठरवण्याची तरतूद आहे, त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख आहे. काळजीवाहकाच्या व्याख्येत आई-वडीलही येतात. सोबत "आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत" अशी पळवाटही आहे. केरळनं तरी 'आश्वासकिरणम्' योजनेतून काळजी घेणाऱ्याला महिन्याला काहीशे रुपये द्यायला सुरुवात केली. रक्कम तुटपुंजी आहे, पण हे काम आहे एवढं सरकारनं मान्य केलं.

परवडत नाही म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या केटी बेकेटची गोष्ट वाचावी. आयोवातली ही तीन वर्षांची मुलगी व्हेंटिलेटरवर होती. सरकारी विमा इस्पितळाचे पैसे द्यायचा, घरच्या देखभालीचे नाही, म्हणून ती तिथेच अडकली होती. 1981 मध्ये अध्यक्ष रेगन यांनी जाहीरपणे दाखवून दिलं की घरचा खर्च इस्पितळाच्या सुमारे एक षष्ठांश आहे. नियम बदलला तो या हिशेबामुळे. आपल्या सरकारी इस्पितळांतही केवळ घरी कुणी तयार नाही म्हणून एखादं मूल अतिदक्षता विभागात राहतं, तेव्हा ती खाट फुकट नसते.

राहिला प्रश्न माणसांचा. इतक्या नर्स कुठून आणायच्या, असं विचारतात तेव्हा मला गडचिरोली आठवते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं तिथल्या 39 गावांतल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. गरज पडली तर जंतुसंसर्गावर इंजेक्शनही त्याच द्यायच्या. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं, आणि पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत ही काळजी देशभर गेली. व्हेंटिलेटर सांभाळणं हे वेगळं कौशल्य आहे, मान्य. पण इंग्लंडमध्येही माझ्याबरोबर रात्रपाळी करणाऱ्या अनेकजणी नर्स नाहीत. त्यांना एकाच मुलासाठी, त्याच्याच यंत्रावर शिकवलेलं असतं. नर्स त्यांचं काम तपासते आणि मगच त्यांना एकटीनं रात्र करू देते.

हे आपल्याकडे बालरोग विभागांपासून सुरू करता येईल. घरी सोडण्यापूर्वी आई-वडिलांनी वॉर्डातच काही रात्री सगळं स्वतः करून दाखवावं. सोबत तिसरं माणूसही शिकवावं, मग ती मावशी असो, शेजारीण असो वा आशाताई. तिचा पगार त्या काळजीवाहक भत्त्यातून यावा. आणि डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या यादीखाली एक ओळ असावी: रात्री दहा ते सहा मुलाजवळ जागं कोण राहणार, आणि आठवड्यातल्या कोणत्या रात्री.