जास्त किलोचा सर्व्हो हा स्टिअरिंगच्या प्रत्येक दुखण्यावरचा उपाय नव्हे

रिमोट कंट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या मॉन्स्टर ट्रकबद्दल एक सल्ला इतक्या वेळा पुढे पाठवला जातो, की या छंदात नव्याने आलेल्याला तो नियमच वाटू लागतो. सल्ला असा: गाडीसोबत आलेला स्टिअरिंगचा सर्व्हो (चाके वळवणारी, गिअर असलेली छोटी मोटर) कमकुवत असतो, म्हणून तो पहिल्याच दिवशी काढून टाकावा, त्याच्या जागी मिळेल तो सर्वांत जास्त किलोचा (म्हणजे जोराचा), धातूच्या गिअरचा सर्व्हो बसवावा, तो थेट रिसीव्हरला (रिमोटचा संदेश घेणाऱ्या गाडीतल्या भागाला) जोडला की काम झाले, गिअर धातूचे असल्यामुळे सर्व्हो सेव्हरची (धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगच्या जोडणीची) गरज उरत नाही, तेव्हा तो पूर्ण आवळून टाकावा, आणि एवढे केले की स्टिअरिंगची तक्रार कायमची मिटते. यातले प्रत्येक विधान थोडेफार खऱ्यावर उभे आहे आणि म्हणूनच ते चटकन पटते. मात्र हा सल्ला जसाच्या तसा अमलात आणल्यामुळे चांगल्या गाड्यांचे नुकसान झालेले मी पाहिले आहे, आणि त्यांत माझीही एक गाडी आहे.

जे मान्य आहे ते आधी सांगतो. ट्रॅक्सस एक्स-मॅक्स किंवा आर्मा क्रेटन ८एस या वर्गातली गाडी बॅटऱ्या धरून दहा किलोंच्या आसपास भरते आणि तिची चाके सुमारे वीस सेंटिमीटर व्यासाची असतात. एवढी रुंद, जड चाके वळवण्याचे काम एका लहानशा डबीतल्या मोटरकडे असते, त्यामुळे मूळ सर्व्हो काही वेळा खरोखरच अपुरा पडतो, आणि तसे ठरले तर तो बदलायलाच हवा. माझा आक्षेप सर्व्हो बदलण्याला नाही. नेमके काय अपुरे पडते आहे हे न पाहता तो बदलण्याला आहे.

पहिले विधान किलोच्या आकड्याचे. वेष्टनावरचे ‘४० किलो’ म्हणजे प्रत्यक्षात ४० किलो-सेंटिमीटर, अर्थात शाफ्टच्या केंद्रापासून एक सेंटिमीटर अंतरावर ४० किलोंचा जोर. हॉर्नवरचे (शाफ्टवर बसणाऱ्या छोट्या दांड्यावरचे) जोडाचे छिद्र दोन सेंटिमीटरवर असेल, तर तिथे तो जोर निम्मा, म्हणजे २० किलोच उरतो. शिवाय हा आकडा बहुधा त्या सर्व्होला चालणाऱ्या सर्वांत जास्त व्होल्टेजवर, म्हणजे अनेकदा ८.४ व्होल्टवर दिलेला असतो. टॉर्क, म्हणजे हा फिरवण्याचा जोर, साधारणपणे व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होतो, त्यामुळे तोच सर्व्हो ६ व्होल्टवर २८-२९ किलोंच्या पुढे जात नाही. ज्यांच्या गाडीत ६ व्होल्टच मिळतात, त्यांनी पैसे ४० किलोंचे मोजलेले असतात आणि हाती त्याच्या सत्तर टक्के आलेले असते. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: हा आकडा शाफ्ट जाम होऊन थांबला असतानाचा आहे. त्या अवस्थेत सर्व्हो काम करत नसतो, फक्त तापत असतो.

किलोच्या मागे धावताना वेग नजरेआड होतो. सर्व्होचा वेग ६० अंश फिरायला लागणाऱ्या सेकंदांत देतात. एक सर्व्हो ०.१२ सेकंद घेतो आणि दुसरा, जास्त किलोचा पण मंद, ०.२४ सेकंद घेतो असे धरू. ताशी ६० किलोमीटरने धावणारी गाडी या ०.१२ सेकंदांच्या फरकात दोन मीटर पुढे गेलेली असते. उडी मारून खाली उतरताना गाडी तिरकी झाली आणि तिला सावरायचे असेल, तर हे दोन मीटर फार महत्त्वाचे ठरतात. याउलट जास्तीत जास्त टॉर्क लागतो तो गाडी खरबरीत जमिनीवर उभी असताना चाके वळवायला, कारण तेव्हा चाके फिरत नसतात आणि त्यांना जागच्या जागी घासत वळावे लागते. गाडी जराशी पुढे सरकली की हा विरोध पुष्कळच कमी होतो. तेव्हा उभ्या गाडीची चाके पूर्ण वळत नाहीत एवढ्यावरून सर्व्होला नापास करणे अन्यायाचे आहे.

दुसरे विधान ‘थेट जोडा’ असे आहे, आणि या सल्ल्यातला सर्वांत धोक्याचा भाग माझ्या मते हाच आहे. टॉर्क आणि वेग दोन्ही वाढले की वीजही त्याच हिशेबाने जास्त लागते. तो हिशेब कोणालाही वेष्टनावरच्या आकड्यांवरून मांडता येतो. ४० किलो-सेंटिमीटर म्हणजे जवळपास ४ न्यूटन-मीटर. ६० अंशांना ०.१५ सेकंद म्हणजे सेकंदाला सुमारे ७ रेडियन. साध्या डीसी मोटरच्या गणितात जाम अवस्थेतला टॉर्क आणि मोकळेपणी फिरतानाचा वेग यांचा गुणाकार केला की मोटर जाम झाल्यावर ओढते ती वीज मिळते. इथे ती २८ वॉट, म्हणजे ७.४ व्होल्टवर जवळपास ३.८ अँपिअर येते. गिअरमधले घर्षण जमेस धरले की प्रत्यक्ष आकडा याहून वरच जातो. हेच गणित ७० किलो आणि ०.१० सेकंदांच्या सर्व्होला लावले, तर ७० वॉटांहून अधिक, म्हणजे ८.४ व्होल्टवर साडेआठ अँपिअरच्या आसपास आकडा येतो. मोटर थांबलेल्या स्थितीतून निघते किंवा एकदम दिशा बदलते, त्या क्षणीही ती क्षणभर असाच प्रवाह मागते.

हा प्रवाह द्यायचा कोणी? गाडीची मुख्य बॅटरी ८एस (एकामागे एक जोडलेल्या आठ सेलची) असेल तर पूर्ण चार्ज झाल्यावर ती ३३.६ व्होल्टची असते. त्यातून रिसीव्हर आणि सर्व्होसाठी कमी व्होल्टेज काढून देण्याचे काम ईएससीमधला (मुख्य मोटरचा वेग सांभाळणाऱ्या भागातला) बीईसी करतो. तो मूळ सर्व्होच्या भुकेचा अंदाज घेऊन बसवलेला असतो. माझ्या गाडीत मी मोठा सर्व्हो थेट जोडला, तेव्हा सरळ रस्त्यावर सगळे उत्तम चालत होते. पण वेगात असताना पूर्ण वळण घेतले आणि त्याच क्षणी ब्रेक लावला, की रिसीव्हरचा दिवा विझून पुन्हा लागायचा आणि तेवढा वेळ गाडी कोणाचेच ऐकत नसे. रिमोटची रेंज कमी पडते असे समजून मी अँटेना दोनदा बदलून पाहिली. शेवटी गाडी टेबलावर ठेवून रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलला मल्टिमीटर लावला, चाके हाताने धरून ठेवली आणि रिमोटवरून वळण दिले; ६ व्होल्टचा आकडा डोळ्यांदेखत ४ च्या खाली गेला. मल्टिमीटर मंद असतो, प्रत्यक्षातली घसरण त्याहून खोल असणार. दहा किलोंची गाडी अर्धा सेकंद जरी बेलगाम सुटली, तरी ती कोणाच्या पायावर जाईल हे सांगता येत नाही, म्हणून हा मुद्दा मला एवढ्या कळकळीने मांडावासा वाटतो.

यावर उपाय आहे, तो म्हणजे स्वतंत्र बीईसी: वरच्या हिशेबाने आलेल्या आकड्यापेक्षा थोडा जास्त प्रवाह सतत देऊ शकणारा आणि गाडीच्या पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचे व्होल्टेज झेपणारा. तो जोडताना ईएससीकडून रिसीव्हरला जाणाऱ्या प्लगमधली लाल तार काढून तिचे टोक नीट झाकून ठेवावे, म्हणजे दोन वेगवेगळे पुरवठे एकमेकांशी झगडणार नाहीत. काळी आणि सिग्नलची तार मात्र राहू द्यावी. व्होल्टेज ७.४ किंवा ८.४ करण्यापूर्वी रिसीव्हर, पंखा, दिवे आणि त्याच ओळीवरचे दुसरे सर्व्हो यांना ते चालते का, हेही पाहावे. रिसीव्हरमध्ये लावायचा कपॅसिटर क्षणिक घसरण सावरतो, पण अपुऱ्या बीईसीची जागा घेत नाही.

तिसरे विधान धातूच्या गिअरचे आणि सर्व्हो सेव्हरचे. सेव्हर म्हणजे स्टिअरिंगच्या सांगाड्यातली स्प्रिंगवर बसलेली जोडणी. चाक दगडावर आपटले की ती क्षणभर सरकते आणि धक्का सर्व्होपर्यंत पोहोचू देत नाही. गिअर धातूचे असले म्हणजे धक्का नाहीसा होत नाही, तो पुढचा कच्चा दुवा शोधतो. सेव्हर पूर्ण आवळलेल्या एका गाडीचा सर्व्हो उघडला, तेव्हा गिअरचे दात शाबूत होते. पण शेवटच्या गिअरचा शाफ्ट किंचित वाकला होता आणि हॉर्नच्या आतल्या बारीक खाचा एका बाजूने घासून गुळगुळीत झाल्या होत्या. हॉर्न स्क्रूने घट्ट बसलेला दिसे, पण जोर पडला की जागचा सरके, आणि मालक रोज ट्रिम (रिमोटवरून ठरवलेला चाकांचा मध्य) बदलत राही. इतर गाड्यांत अशा वेळी टाय रॉड (चाकाला वळवणारी दांडी) वाकतो किंवा सर्व्होचे माउंट तडकते.

मात्र याच मुद्द्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. अनेक मोठ्या गाड्यांत सेव्हरची मूळ स्प्रिंग मऊ असते. तसे असेल तर सर्व्हो ७० किलोंचा बसवला तरी चाके वळत नाहीत, कारण जोर चाकापर्यंत पोहोचण्याआधीच स्प्रिंग दबते. उपाय जास्त ताठ स्प्रिंग, किंवा नट असेल तर तो थोडा थोडा आवळून दर वेळी पाहणे. जमिनीवर उभ्या गाडीची चाके वळावीत, पण चाकाला बाजूने हाताने जोराचा धक्का दिला तर सेव्हर सरकावा, इतपत ताठरपणा मी ठेवतो.

‘सगळी तक्रार मिटते’ या शेवटच्या विधानाची परीक्षा घरच्या घरी होते. गाडी सुरू ठेवून, बॉडी काढून, एकाने पुढचे चाक हाताने हळूच डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने चाकापासून सर्व्होपर्यंत एकेक जोड पाहत जावे. चाक हलते पण टाय रॉड हलत नाही, तर चाकाजवळचा बॉल जॉइंट सैल आहे. रॉड हलतो पण बेल क्रँक (सर्व्होचा जोर टाय रॉडकडे वळवणारा फिरता तुकडा) हलत नाही, तर त्या दोघांमधला जोड. बेल क्रँक जागच्या जागी डुगडुगतो, तर त्याचे बुश (ज्यांवर तो फिरतो त्या आतल्या नळ्या) झिजलेत. सेव्हरचे दोन भाग वेगळे सरकतात, तर स्प्रिंग. सर्व्होचे पूर्ण शरीरच हलते, तर माउंट लवचीक आहे. हे सगळे स्थिर असून फक्त हॉर्न मागे ढकलला जात असेल, तरच दोष सर्व्होकडे जातो. गाडी सरळ धावत नाही या तक्रारीत मला तरी बहुतेक वेळा बुश आणि बॉल जॉइंटच सापडले आहेत, आणि ते सर्व्होच्या मानाने फार कमी खर्चात बदलता येतात.

नवा सर्व्हो घ्यायचाच ठरला, तर मापही तपासावे, कारण काही मोठ्या गाड्यांत साधारण ४० बाय २० मिलिमीटरचा नेहमीचा सर्व्हो बसतो, तर काहींत सुमारे ६० बाय ३० मिलिमीटरचा मोठा. शाफ्टवर दात २३, २४ की २५ हे पाहूनच हॉर्न घ्यावा. एका दाताच्या फरकाचा हॉर्न ठोकून बसवला की खाचा तिथेच बिघडतात. हॉर्न लावण्यापूर्वी सर्व्होला वीज देऊन, ट्रिम शून्यावर ठेवून तो मध्यावर येऊ द्यावा.

त्यानंतर रिमोटवरचे एंड पॉइंट (सर्व्होने दोन्ही बाजूंना किती फिरावे याची मर्यादा) लावावेत, आणि हे काम मोठ्या सर्व्होच्या बाबतीत टाळता येत नाही. मूळ सर्व्हो शेवटच्या टोकाला टेकला की दमून थांबतो. मोठा सर्व्हो मात्र धातू वाकेपर्यंत रेटत राहतो. चाके उचलून पूर्ण वळण द्यावे, चाके थांबल्यावरही सर्व्होतून गुणगुण येत असेल तर ती बंद होईपर्यंत त्या बाजूचा एंड पॉइंट कमी करावा, आणि मग दुसरी बाजू. पाच मिनिटे गाडी चालवून सर्व्होच्या डबीला बोट लावून पाहावे. बोट टेकवून ठेवता येत नसेल, तर अजून कुठेतरी तो अडून जोर लावतो आहे.