दाजी, बेनेटलाही नारळ मिळाला होता

भाच्याकडे सांगलीतल्या एका मंडळाचा कुमार गटाचा कबड्डी संघ होता. हंगाम वाईट गेला, मंडळाने त्याला नारळ दिला. चार दिवस होत नाहीत तोच त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. सध्या जोरात फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. ऑस्ट्रेलियाचा रग्बी प्रशिक्षक वेन बेनेट: साधा पोलीस, एकाच क्लबात हयात घालवली, कधी हरला नाही, ऑलिंपिक गाजवलं. आणि शेवटी जाड अक्षरात, 'खऱ्या गुरूला कोणी काढून टाकत नाही.'

सहा वर्षं ब्रिस्बेनला राहिलोय, दर शुक्रवारी हेच बघितलंय. गप्प बसवेना.

ऑलिंपिकचं आधी उरकतो. तिथे असते ती सात जणांची रग्बी, 'रग्बी युनियन' या वेगळ्याच खेळातली. बेनेटची रग्बी लीग तेरा जणांची: सहा पकडी होईपर्यंत चेंडू तुमचा, मग समोरच्याचा. कबड्डीवाल्याला पाच मिनिटांत कळेल. ऑलिंपिकशी तिचा काडीचा संबंध नाही.

पोलीस होता, खरं आहे. एकाच क्लबाचं म्हणाल तर अर्धं खरं, झक मारत मान्य करतो. 1988 ते 2008 असे सलग 21 हंगाम तो ब्रिस्बेन ब्रॉन्कोजकडे होता आणि सहा विजेतेपदं आणली. पण पुढे? सेंट जॉर्ज इलावारा, न्यूकॅसल, परत ब्रॉन्कोज, साउथ सिडनी, डॉल्फिन्स, परत साउथ सिडनी. एवढ्या बदल्या तहसीलदाराच्या होतात.

'कधी हरला नाही' हे लिहिणाऱ्याने रग्बी लीग प्रोजेक्टचं संकेतस्थळ एकदा तरी उघडायचं होतं. एकेका सामन्याची नोंद आहे तिथे. नऊशेच्या वर सामने आणि त्यातले तीनशेहून जास्त हरलेले. 2015 ची अंतिम लढत जादा वेळेत 17-16 अशी हातची गेली, 2021 ची 14-12 अशी.

आता ती जाड अक्षरं. डिसेंबर 2018 मध्ये ब्रॉन्कोजने बेनेटला काढलं. ज्याने क्लब उभा केला, त्याला. जागेवर आणला अँथनी सिबोल्ड, त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरलेला. 2019 च्या बाद फेरीत संघ 58-0 असा चिरडला गेला. 2020 मध्ये इतिहासात पहिल्यांदा तळाला, आणि हंगाम संपायच्या आत सिबोल्डही घरी. मग यांतला खरा गुरू कोण, दाजी?

दुसरा प्रशिक्षक, मायकेल मॅग्वायर, त्याचं बघा. 2014 मध्ये त्याने साउथ सिडनीला 43 वर्षांनी विजेतेपद मिळवून दिलं. तीन वर्षांत त्याच साउथ सिडनीने त्याला काढलं. पुढे वेस्ट्स टायगर्सने 2022 च्या हंगामाच्या मध्यावर हाकललं. माणूस संपला असंच सगळे म्हणत होते. 2023 मध्ये तो प्रशिक्षक असलेल्या न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला 30-0 असं लोळवलं. 2025 मध्ये त्याने ब्रॉन्कोजला 19 वर्षांनी विजेतेपद मिळवून दिलं.

आणि त्याला हाकलून टायगर्सचं काय झालं? 2022, 2023, 2024, तिन्ही वर्षं शेवटचा नंबर. मधल्या वर्षी प्रशिक्षक होता टिम शीन्स, ज्याने याच क्लबाला 2005 चं, त्यांचं एकमेव विजेतेपद मिळवून दिलं होतं. गुरू तोच, क्लब तोच. 2005 ला पहिला, 2023 ला शेवटचा. खेळाडू कोण, दुखापती किती, करारांना पैसा किती, हे सोडून सगळं खापर एका माणसावर फोडलं की असंच होतं.

काढलेले सगळे मॅग्वायर नसतात, हेही आहे. काहींना खरंच जमत नाही. भाच्याला जमतं की नाही, मला ठाऊक नाही. पण त्याचा मुख्य चढाईपटू तिसऱ्याच सामन्यात गुडघा धरून बसला, हे दाजी, तुम्ही गॅलरीत बसून बघितलं होतंत.

तेव्हा हे माझं पुढे पाठवा नाहीतर पाठवू नका. ते आधीचं मात्र पुसा. 'सगळ्यांसाठी डिलीट' अजून होत असेल तर.