परदेशी मदत: खैरातीच्या आरोपाचा हिशेब

'देशातली गरिबी हटलेली नसताना सरकार भूतान-मालदीवला हजारो कोटी रुपये फुकट वाटते' असा मजकूर अर्थसंकल्पाच्या सुमारास दरवर्षी फिरतो. त्यातले आकडे बहुधा खरे असतात. त्यांवरून काढलेले निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

पहिला मुद्दा रकमेचा. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात परदेशी मदतीसाठी सुमारे ५,४८३ कोटी रुपयांची तरतूद होती आणि एकूण खर्च ५०.६५ लाख कोटींचा, म्हणजे शंभर रुपयांतले जेमतेम अकरा पैसे. एवढ्या रकमेमुळे गावची शाळा किंवा दवाखाना अडला, असे म्हणणे अवघड आहे.

दुसरा मुद्दा 'फुकट' या आरोपाचा, आणि खरी गफलत इथेच आहे. असे मजकूर अनुदान आणि कर्ज यांची सरसकट बेरीज करतात. मालदीवची राजधानी मालेला शेजारच्या बेटांशी जोडणाऱ्या पुलाच्या प्रकल्पासाठी भारताने २०२० मध्ये ५० कोटी डॉलर जाहीर केले, त्यांपैकी १० कोटी अनुदान होते आणि उरलेले ४० कोटी एक्झिम बँक या आयात-निर्यातीला कर्ज देणाऱ्या सरकारी बँकेमार्फत द्यायचे, परतफेडीचे कर्ज. मुंबईत मुख्यालय असलेली ही बँक अशा कर्जाची रक्कम थेट भारतीय निर्यातदाराला किंवा कंत्राटदाराला चुकती करते, आणि साधारणपणे ७५ टक्के माल व सेवा भारतातूनच घेण्याची अट असते; या पुलाचे कंत्राटही मुंबईच्याच अ‍ॅफकॉन्स या बांधकाम कंपनीला मिळाले. व्याजातल्या सवलतीचा भार आपल्या तिजोरीवर पडतो हे खरे, पण त्याला खैरात म्हणता येणार नाही.

कोविडच्या लशींबाबतही हाच घोळ झाला. एप्रिल २०२१ पर्यंत देशाबाहेर गेलेल्या सुमारे साडेसहा कोटी मात्रांपैकी भेट म्हणून दिलेल्या मात्रा साधारण एक कोटी होत्या. बाकीच्या, प्रामुख्याने पुण्याच्या सीरमच्या, व्यापारी करारांखाली किंवा गरीब देशांना लशी पुरवणाऱ्या कोव्हॅक्स या जागतिक योजनेतून गेल्या. दुसऱ्या लाटेआधी निर्यात कितपत करायला हवी होती, हा रास्त प्रश्न आहे. पण तो निराळा.

'बदल्यात काहीच मिळत नाही' या तिसऱ्या दाव्याला भूतानचे उत्तर पुरेसे आहे. सर्वाधिक मदत याच देशाला जाते. तिथला १,०२० मेगावॉटचा ताला जलविद्युत प्रकल्प ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज यांतून भारताने उभारून दिला, आणि त्याची वीज प्रामुख्याने भारतच विकत घेतो. भूतानला महसूल मिळतो, आपल्याला कोळसा न जाळता वीज मिळते.

टीकाकारांना टीकाच करायची असेल, तर त्यांनी भूतानमधल्याच पुनात्सांगछू-१ या जलविद्युत प्रकल्पाकडे पाहावे. २००८ मध्ये सुरू झालेला हा १,२०० मेगावॉटचा प्रकल्प, २०१३ मध्ये धरणाच्या जागेचा उजवा काठ सरकल्यापासून रखडला आणि खर्च कितीतरी पटींनी वाढला. निवडलेली जागा भूगर्भीयदृष्ट्या पुरेशी तपासली होती का, आणि वाढीव खर्चातला किती वाटा भारतीय करदात्याच्या माथी पडतो, याचा जाब परराष्ट्र मंत्रालयाकडे जरूर मागावा.