स्टेप वॉल तुकड्यांत कशाला करायची?

रेव्हिटवर (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरवर) काम करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: "उतारावरची स्टेप वॉल असेल तर एडिट प्रोफाइलला हात लावू नका. भिंत स्प्लिट करा आणि प्रत्येक तुकड्याला वेगळी उंची द्या. प्रोफाइल केलं की एरिया चुकतो, नंतर बदल करता येत नाही, एलिव्हेशनही घाण दिसतं." स्टेप वॉल म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी भिंत, एडिट प्रोफाइल म्हणजे एकाच भिंतीची कड स्केच करून तिला हवा तो आकार द्यायची कमांड, आणि एलिव्हेशन म्हणजे भिंतीचं समोरून दिसणारं चित्र. नव्याने लागलेल्या मुलांना हे पहिल्याच आठवड्यात ऐकवलं जातं आणि मग वर्षानुवर्षं ती भिंतींचे तुकडे पाडत बसतात. मला हा सल्ला बहुतांशी चुकीचा वाटतो.

उदाहरण म्हणून कोकणातल्या उतारावरच्या प्लॉटची चिऱ्याची कंपाउंड वॉल घेऊ. लांबी 24 मीटर, 4 मीटरचे सहा टप्पे. दर टप्प्याला भिंतीचा पायथा आणि माथा दोन्ही 300 मिमी खाली उतरतात. पायाच्या काँक्रीटपासून माथ्यापर्यंतची उंची सगळीकडे 2.4 मीटर.

आधी एरियाचा आरोप, कारण सगळ्यात जास्त घबराट त्याचीच आहे. प्रोफाइल कापल्यावर रेव्हिट भिंतीचा एरिया आणि व्हॉल्यूम उरलेल्या खऱ्या आकारावरून काढतं. आपल्या भिंतीचा एरिया शेड्यूलमध्ये (रेव्हिटच्या मोजमापांच्या तक्त्यात) 57.6 चौ.मी. येतो, म्हणजे 24 गुणिले 2.4, अगदी बरोबर. मग चूक शिरते कुठून? प्रोफाइल करण्याआधी भिंत सर्वात खालच्या पायथ्यापासून सर्वात वरच्या माथ्यापर्यंत, म्हणजे 3.9 मीटर उंच काढलेली असते. पायऱ्या कापल्यावरही अनकनेक्टेड हाइटमध्ये (भिंतीला दिलेल्या उंचीच्या रकान्यात) 3.9 हाच आकडा राहतो. कोणीतरी शेड्यूलमध्ये लांबी गुणिले उंची असा स्वतःचा फॉर्म्युला घालतो, उत्तर 93.6 येतं आणि 36 चौ.मी. भिंत हवेतून वाढते. दोष त्या फॉर्म्युल्याचा आहे. एरियाचा तयार कॉलम घ्या, प्रश्न मिटला.

"नंतर बदल करता येत नाही" हे तर उलटंच आहे. एलिव्हेशनमध्ये प्रत्येक पायरीच्या पातळीला एक रेफरन्स प्लेन (आधाराची रेघ) टाका, माथ्याचे सहा आणि पायथ्याचे सहा. प्रोफाइलच्या स्केचमधली प्रत्येक आडवी रेघ आपापल्या प्लेनला अलाइन करून कुलूप लावा. माथ्याच्या सहा प्लेनवर एकच डायमेन्शन टाकून इक्यू (समान अंतर) दाबा, पायथ्याचंही तसंच. उद्या इंजिनिअरने पायरी 300 ऐवजी 250 सांगितली, तर दोन्ही संचांतला टोकाचा प्लेन सरकवा, मधले आपोआप जागेवर बसतात. तुकड्यांच्या भिंतीत याच कामासाठी पाच जागी बेस ऑफसेट (पायथ्याची पातळी) बदलायचा, माथ्याचे आकडे पुन्हा तपासायचे, आणि एखादा तुकडा राहून गेला तर ते साइटवर कळतं. सगळंच बिनसलं तर भिंत मूळ आकारावर आणणारं रिसेट प्रोफाइल आहेच.

मुलं अडकतात ती स्केच पूर्ण करताना. हिरवी टिक दाबली की एरर येते, कारण कुठेतरी दोन रेघा एकमेकींवर चढलेल्या असतात किंवा कोपरा उघडा असतो. आधी सगळ्या पायऱ्या काढा, मग टीआर दाबून प्रत्येक कोपरा ट्रिम करा आणि मूळ सरळ रेघ आठवणीने पुसा. बहुतेक वेळा तीच खाली दडलेली असते.

एलिव्हेशन घाण दिसतं ते खरं तर तुकड्यांमुळे. दोन तुकड्यांच्या सांध्यावर उभी रेघ उमटते, ती घालवायला जॉइन जिऑमेट्री करत बसावं लागतं. फाटक किंवा दरवाजा सांध्यावर आला तर आणखी त्रास, कारण तो एकाच तुकड्यात बसतो (होस्ट होतो). "मग इन-प्लेस मॉडेल करा" असंही कोणी सुचवतं, म्हणजे भिंतीची नेहमीची कमांड सोडून तो आकार जागेवरच घडवायचा. त्यात भिंतीचे थर मिळत नाहीत, तेव्हा तो रस्ता नकोच.

एका बाबतीत मात्र तुकडेवाल्यांचं म्हणणं मला मान्य आहे, ती म्हणजे कोपिंग, भिंतीच्या माथ्यावरची टोपी. वॉल स्वीप (भिंतीवरून धावणारी पट्टी, कोपिंग त्यानेच काढतात) पायऱ्यांबरोबर खाली-वर होत नाही, सरळ आडवा जातो. एकसंध भिंतीवर प्रत्येक टप्प्याचा स्वीप वेगळा टाकून त्याची टोकं ओढून बसवावी लागतात. तुकड्यांमध्ये वॉल टाइपमध्येच कोपिंग दिलं की प्रत्येकाच्या माथ्यावर ते आपोआप येतं. सहा टप्प्यांसाठी मी हातानेच करते, साठ असते तर कदाचित तुकड्यांचाच विचार केला असता. गोलाईतल्या भिंतीचंही तसंच: तिथे एडिट प्रोफाइल चालतच नाही, स्प्लिट करावं लागतं.

आणि साइटवर भिंत खरोखर तुटत असेल तर मॉडेलमध्येही तुटू द्या. या 24 मीटरच्या मध्यावर एक्स्पान्शन जॉइंट (भिंतीला फुगायला-आकसायला सोडलेली फट) ठेवला असेल, तर प्रोफाइलला हात लावण्याआधी तिथे एकच स्प्लिट करा, मग दोन्ही बाजूंना तीन-तीन पायऱ्यांचं प्रोफाइल काढा.