थेंबे थेंबे टाकी रिकामी

आमचा ट्रक पाणी पितो. हे मी मिस्त्रीला फोनवर अशा दबक्या आवाजात सांगितलं, जणू घरातला थोरला मुलगा बिघडलाय. दर दोन-तीन दिवसांनी कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीतली पातळी दोन बोटं खाली जायची आणि गाडीखाली वाकून पाहावं तर जमीन ठणठणीत कोरडी.

"बाहेर गळत नाही म्हणजे आत जातंय, शेठ," मिस्त्री म्हणाला. "इंजिनाच्या सांध्यातलं हेड गॅस्केट फाटलं असेल, नाहीतर धूर थंड करणारा ईजीआर कूलर फुटला असेल. पांढरा धूर येतो का? धुराला गोडसर वास येतो का?"

त्या दिवसापासून मी सायलेन्सरच्या मागे नाक पुढे करून उभा राहू लागलो. डिझेलच्या धुरात गोडवा शोधणं काय असतं, ते ज्यानं शोधलाय त्यालाच ठाऊक. रोज डिपस्टिक उपसून ऑइल दुधाळ झालंय का बघायचो, इंजिन चालू करून टाकीत बुडबुडे येतात का बघायचो. ऑइल आपलं काळंकुट्ट, निरोगी. बुडबुडे नाहीत. पातळी मात्र खाली.

शेवटी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्यानं टाकीच्या झाकणाच्या जागी प्रेशर टेस्टर बसवला. सायकलच्या पंपासारखंच प्रकरण असतं ते, फक्त वर काटा. दांडा मारून १५ पौंडांपर्यंत हवा भरायची आणि काटा खाली येतो का बघत बसायचं. काटा खाली आला की कुठेतरी भोक आहे. काटा उपोषणाला बसल्यासारखा बसला. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, हलेना. मिस्त्रीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की पाणी ट्रक नव्हे, मीच पितोय.

मग मी स्वतःच्या अकलेनं चाललो. गळती बंद करणारी पावडर आणून टाकीत ओतली. आत जाऊन ती भोक शोधते आणि बुजवते, असं पाकिटावर लिहिलेलं. तिनं शोधलं खरं, पण केबिनच्या हीटरमधल्या बारीक नळ्या तिला जास्त आवडल्या. गळती होती तशीच राहिली आणि हीटर गार पडला.

आता उरला पुठ्ठा. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरायचा आणि सकाळी वाचायचा. गाडीखाली एक भटका कुत्रा झोपायचा, त्यानं ती आपली सोय समजली. मला त्याची वेगळीच धास्ती. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं की जहर. थोडंसं चाटलं तरी जनावराची मूत्रपिंडं निकामी होतात. म्हणून रोज उजाडायच्या आत उठून पुठ्ठा तपासायचा, डाग दिसला की बोट लावायचं, चिमटीत घोळवून बघायचं, वास घ्यायचा. बुळबुळीत आणि गोडसर म्हणजे कूलंट, काळं आणि चिकट म्हणजे ऑइल. महिन्याभरात माझं बोट प्रयोगशाळा झालं होतं.

एका कडाक्याच्या थंडीत पहाटे चारला बॅटरी घेऊन गाडीखाली उताणा पडलो, तेव्हा तो दिसला. वॉटर पंपाला येणाऱ्या खालच्या होज पाइपच्या टोकाशी, क्लिपच्या काठावर, एक गुलाबी थेंब. तो आधी मोहरीएवढा होता. मग जरा फुगला, क्लिपच्या स्क्रूवर रेंगाळला, तिथून सरकून चासीच्या आडव्या पट्टीवर टपकला आणि तिथल्या धुळीत जिरला. पुठ्ठ्यापर्यंत पोचायची त्याला गरजच नव्हती. पाइपाच्या तोंडाभोवती त्याच्या पूर्वजांची गुलाबी-पांढरी खपली साचलेली. इतके दिवस मी तिला चिखल समजत होतो.

"अहो," बायको दारातून म्हणाली, "आपलं भांडण झालं होतं का रात्री?"

मिस्त्रीला सांगितलं तर तो म्हणाला, "थंडीची गळती." रबर आणि लोखंड सारखं आक्रसत नाहीत. गार झालं की पाइप क्लिपच्या आत सैल पडतो आणि झिरपतो. इंजिन तापलं की फुगून पुन्हा घट्ट. आम्ही टेस्ट केली तीही तापल्या इंजिनावर, शिवाय गॅरेजात. उपाय साधा: स्प्रिंगवाली क्लिप, जी पाइपाबरोबर आक्रसते आणि फुगते. साधी क्लिप मी मध्यंतरी 'अजून एक आटा' करत इतकी आवळली होती, की तिनं पाइपात खाच पाडलेली. पाइपही बदलला.

आता कूलंट भरायचं, आणि इथे जो तो पंडित. एक म्हणाला हिरवंच भर, हिरवं जुनं आणि खात्रीचं. दुसरा म्हणाला लाल, ते जास्त वर्षं टिकतं. तिसरा पिवळ्याचा कट्टर. मिस्त्रीनं सगळ्यांना गप्प केलं. रंग म्हणजे नुसता रंग, कंपनीला आवडेल तो. दोन लाल बाटल्यांत दोन वेगळी रसायनं असू शकतात. वेगवेगळी मिसळली तर गंजरोधकांचं आयुष्य घटतं, कधी आत लगदाही होतो. वाचायची ती बाटलीची मागची बाजू, आणि ती ट्रकच्या पुस्तकाशी जुळवायची. मोठ्या डिझेल इंजिनासाठी तिथे एएसटीएम डी ६२१० हे कूलंटचं मानक लिहिलेलं असतं.

"मोटारीचं चालणार नाही?" मी विचारलं. त्यावर त्यानं कोपऱ्यातून एक जुना लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती सिलिंडरची धातूची नळी, आणून माझ्या हातात दिला. बाहेरच्या, कूलंट लागणाऱ्या अंगाला सुईनं टोचल्यासारखी भोकंच भोकं. दर स्फोटाला लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला वाफेचे सूक्ष्म बुडबुडे धरतात आणि फुटताना धातूचा कण उचकटतात. असं करत थेट सिलिंडरमध्ये भोक. डिझेलच्या कूलंटमध्ये नायट्राइटसारखं काहीतरी असतं, ते लायनरवर पातळ साय धरतं आणि बुडबुडे त्या सायीवर डोकं आपटतात.

पटलं. म्हटलं, मग पाणी न घालता नुसतं ग्लायकॉलच भरा, होऊ दे खर्च. मिस्त्री हसला. निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं. निम्मं पाणी घातलं की तेच मिश्रण उणे ३७ पर्यंत तग धरतं, आणि उष्णताही पाणीच जास्त वाहून नेतं. पण ते पाणी डिस्टिल्ड हवं, नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. दोन महिने मी टाकीत नळाचंच पाणी ओतत होतो, हे त्या क्षणी सांगायची हिंमत झाली नाही. पण त्यानं जुन्या कूलंटचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे ग्लायकॉल किती उरलंय ते दाखवणाऱ्या नळीवर, टाकून डोळा लावला आणि म्हणाला, "शेठ, हे तर सरबत आहे."

सगळी सिस्टीम धुऊन पुस्तकाशी जुळणारं लाल भरलं. हीटर चालू ठेवून हवा काढली, दोनदा गुडगुड झाली, पातळी स्थिरावली. तिसऱ्या पहाटे सवयीनं पुठ्ठा पाहिला तर मधोमध वीतभर ओला डाग. काळजात धस्स झालं. बोट बुडवलं, चिमटीत घोळवलं आणि मिस्त्रीला फोन लावला.

"रंग कुठला?" तो झोपेत होता.

"पिवळा."

"आपण तर लाल भरलंय. बुळबुळीत आहे?"

"नाही, पाण्यासारखं."

"वास घ्या."

मी बोट नाकाशी नेलं. मागच्या चाकाशी बसलेला कुत्रा शेपूट हलवत माझ्याकडे बघत होता.