दम लागला की प्रश्न

"सगळा सपाट भाग आहे, बाबा. डोंगर औषधालाही नाही," असं जावयांनी दोनदा सांगितलं होतं, आणि मी ते माझ्या गुडघ्यांच्या कानावर घातलं होतं. जर्मनीतला रूर म्हणजे कोळसा आणि पोलाद, एवढंच शाळेच्या भूगोलानं शिकवलेलं. अशा ठिकाणी रविवारी 'निसर्ग बघायला' जायचं म्हणजे एखादं तळं, चार बाकं आणि फार तर बदकं, अशा हिशेबानं मी निघालो. चपला घालत होतो, तर मुलीनं बूट पुढे केले. शंका तेव्हाच यायला हवी होती.

बोट्रॉपला गाडीतून उतरलो तर समोर भलीथोरली टेकडी. हिरवीगार. आणि तिच्या माथ्यावर लोखंडी नळ्यांचा तिकोनी सांगाडा, आभाळाला कुंपण घालायला घेऊन अर्ध्यात सोडल्यासारखा.

"डोंगर नाही म्हणाला होतात ना?"

"हा डोंगर नाहीच. ही हाल्डं. कोळशाबरोबर खाणीतून जो दगड निघतो तो इथे टाकत गेले, त्याचा ढीग."

आपण डोंगर पोखरून उंदीर काढतो. या लोकांनी जमीन पोखरून डोंगर काढला होता. आणि ढिगाला डोंगर म्हणत नाहीत, हे गुडघ्यांना पटवणार कोण?

ही आणि मुलगी गप्पा मारत पुढे गेल्या. मी पायऱ्या मोजत होतो. चाळीसाव्या पायरीला मला एक शोध लागला. आमचे जावई इंजिनिअर आहेत. त्यांना काही विचारलं की ते थांबतात, कारण समजावून सांगायला त्यांना दोन्ही हात लागतात. म्हणजे प्रश्न विचारला की विश्रांती.

पहिला प्रश्न मी वाया घालवला. "खाणी बंद कधी झाल्या?" उत्तर एका वाक्यात आलं: दगडी कोळशाची शेवटची खाण, प्रॉस्पर-हानिएल, इथे बोट्रॉपलाच २१ डिसेंबर २०१८ला बंद झाली आणि शेवटचा ढेकूळ राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला. संपलं. अर्धा श्वाससुद्धा आत गेला नव्हता. तारखेचं उत्तर असलेले प्रश्न चढावर विचारू नयेत.

पुढच्या वळणावर मी शहाणा झालो. "इथली ती एम्शर नदी, तिची काय भानगड?"

पाच मिनिटं मिळाली! खाणींमुळे जमीन खचत राहायची, जमिनीखाली गटाराचे पाइप टाकले तर फुटणार. म्हणून सगळ्या शहरांचं सांडपाणी शंभरेक वर्षं उघड्यावर, काँक्रीटच्या पाटातून, नदीतच सोडलं. अशा ओढ्यांना इथले लोक 'क्योटेलबेके' म्हणत. पहिल्या अर्ध्या शब्दाचा अर्थ लेंडी. खाणी उत्तरेकडे सरकल्यावर जमीन स्थिरावली, १९९२पासून कामं सुरू झाली, ५१ किलोमीटरचा मोठा भूमिगत नळ टाकला आणि २०२१च्या अखेरीला नदी सांडपाण्यातून मोकळी झाली. तीस वर्षं लागली. मला वाईट वाटलं. आणखी दहा लागली असती तर मला अजून थोडं बसता आलं असतं.

तेवढ्यात माझ्याहून वयानं दहा वर्षं तरी मोठ्या असलेल्या एक आजी शेजारून चढून गेल्या. जाताना "ग्ल्यूक आउफ" म्हणाल्या. खाणकामगारांचा रामराम तो; सुखरूप वर या, अशा अर्थाचा. मी कपाळाला हात लावून पोचपावती दिली. मग मी खचलेल्या जमिनीबद्दल विचारलं. कळलं की भूभाग काही ठिकाणी वीस मीटरहून अधिक खाली गेलाय, पावसाचं पाणी आपोआप वाहून जात नाही, म्हणून पंप चालू ठेवावे लागतात.

"किती वर्षं?"

"कायम."

"कायम म्हणजे?"

"कायम म्हणजे कायम, बाबा. पंप बंद केले तर इथे तळी होतील."

मी गप्प बसलो. घराचे हप्तेसुद्धा कधीतरी संपतात. त्या पायरीवरून मी उठण्याआधी आजी वरून परत आल्या. पुन्हा "ग्ल्यूक आउफ". या वेळी आवाजात काळजी होती.

माथ्यावर पोचलो तेव्हा सुटलो असं वाटलं. पण ती फक्त जोत्याची उंची होती. तो सांगाडा, टेट्राएडर, १९९५चा, एकेक बाजू साठ मीटर, आणि त्याच्या पोटात चढायला जिने. जिने तारांनी टांगलेले. वारा आला की हलतात, आणि जावई म्हणाले, ते हलायलाच हवेत. पायऱ्या म्हणजे लोखंडी जाळी. माझ्या दोन बुटांच्या मध्ये मला खालची जमीन दिसत होती. इथे प्रश्नही चालेनात, कारण जावई चढता चढताच उत्तरं देत होते. दोन्ही हात कठड्याला होते.

पहिला सज्जा अठरा मीटरवर. तिथे मी तोंडात टाकायला लवंग काढली. ती बोटांतून निसटली, जाळीतून गेली. पडल्याचा आवाज आला नाही. मी बराच वेळ ऐकत होतो.

"अहो, वर या, काय हिरवं दिसतंय!" अडतीस मीटरवरून हिचा आवाज आला.

पुढे जर्मनीचे चॅन्सेलर झालेले विली ब्रांट १९६१ साली म्हणाले होते की रूरवरचं आकाश पुन्हा निळं झालं पाहिजे, आणि लोकांनी त्यांची टिंगल केली होती. ते आकाश आता निळं आहे, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. त्या जिन्यावर मी दुसरीकडे कुठे बघितलंच नाही.

खाली उतरल्यावर, गाडीत, जावयांनी पुढच्या रविवारचा बेत सांगितला. ड्यूसबुर्गला १९८५ला बंद पडलेला लोखंडाचा कारखाना आहे, त्याचं आता उद्यान केलंय. झोतभट्टीवर सत्तर मीटर चढून जाता येतं. शिवाय जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरलंय, तिथे पाणबुडे बुड्या मारायला येतात.

"मला टाकी चालेल," मी म्हणालो.

"बाबा, तुम्हाला पोहता कुठे येतं?"

"नाही येत. पण ते खाली जातात ना?"