अजाईल म्हणजे डॉक्युमेंट लिहायचंच नाही? खुलासा
आपल्या पुण्यातल्या आयटीवाल्यांच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय, की अजाईलमध्ये (सॉफ्टवेअर छोट्या छोट्या टप्प्यांत बनवायची पद्धत) डॉक्युमेंटेशन आणि प्लॅनिंग नसतं म्हणून मोठ्या कंपनीत ते चालूच शकत नाही. हे चुकीचं आहे, प्लीज पुढे पाठवू नका.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटातल्या स्नोबर्डला १७ जणांनी अजाईलचा जो जाहीरनामा केला त्यात चालणारं सॉफ्टवेअर हे भरमसाट डॉक्युमेंटेशनपेक्षा जास्त महत्त्वाचं असं म्हटलंय, आणि दुसऱ्या बाजूलाही, म्हणजे डॉक्युमेंटेशनलाही, किंमत आहे हे तिथेच खाली स्पष्ट लिहिलंय, ते वाक्य मात्र कोणी वाचतच नाही! आणि प्लॅनिंगचं म्हणाल तर स्क्रममध्ये (अजाईलचाच एक प्रकार) प्रत्येक स्प्रिंटची, म्हणजे जास्तीत जास्त महिनाभराच्या कामाच्या टप्प्याची, सुरुवातच प्लॅनिंगने होते.

हिंजवडीत मी आधी होतो तिथे याच गैरसमजापायी पेमेंट मॉड्यूलच्या माहितीची एक ओळ कोणी लिहून ठेवली नव्हती, रिट्राय (फेल झालेलं पेमेंट पुन्हा करून बघणं) तीनदाच का हे ज्याला माहीत तो नोकरी सोडून गेलेला, आणि रात्री दोनला आम्ही चौघं कोड उकरत बसलो. सकाळचा स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) पंधरा मिनिटांचा असायला हवा, तर आमच्याकडे बावीस जण पाऊण तास मॅनेजरला हजेरी द्यायचे. याला अजाईल कसं म्हणायचं? त्या रात्रीनंतर आम्ही 'काम झालं' च्या व्याख्येतच टाकलं, नोट लिहिल्याशिवाय स्टोरी (कामाचा एक छोटा भाग) बंद करायची नाही.